संक्रांतीच्या अंकातला शेवट

हिरासिंग आडे पेटी घेऊन येतो म्हणाला होता. आला तो पेटीसोबत आईलाही घेऊन. किसनरावांनी फाटकातूनच ऑटोत बसलेली मोतीबाई पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ऐंशी पार केलेली बाई तांड्यावरून कळंबपर्यंत ऑटोत हाडं खिळखिळी करून घेत येते, ती काही नुसता चहा प्यायला येत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"याडी आली!" म्हणत इंदुताई मात्र ओल्या हातांनीच बाहेर धावल्या. मोतीबाईचा हात धरून त्यांनी तिला उतरवलं आणि पायऱ्या चढवल्या. साठ वर्षांची बाई दुसऱ्या कोणाच्या आईला तांड्याच्या बोलीत 'याडी', म्हणजे आई, म्हणते, याचं गोहोकारांच्या घरात कोणालाच नवल नव्हतं. इंदू सहा वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं.

घरात त्या रविवारी चारच माणसं होती. पंच्याऐंशीचे नानाजी, त्यांचा मुलगा किसनराव, किसनरावांची यवतमाळहून आलेली थोरली बहीण इंदुताई आणि पुण्याहून आलेली किसनरावांची मुलगी सुरभी. सुरभीची आई भाच्याच्या साखरपुड्याला मारेगावला गेली होती, त्यामुळे स्वयंपाक इंदुताईंकडे होता. या घराची चूल त्यांनी आई गेल्यावर, नवव्या वर्षीच हातात घेतली होती. लग्न केलं नाही, शिक्षिकेची नोकरी केली, धाकट्या भावाला वाढवलं, निवृत्त झाल्या. कळंबला आल्या की आजही पहिल्यांदा स्वयंपाकघरातच जायच्या.

पेटी पत्र्याची होती. पोस्टाच्या जुन्या पिशवीत गुंडाळलेली. हिरासिंगने ती टेबलावर ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. सुरभीचं लक्ष त्या खिशाकडेच होतं.

तिचं बरोबरच होतं. ती पुण्यात ज्या प्रकाशनात काम करायची, तिथं मराठी बालमासिकांच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ निघत होता. कोणी मासिक काढलं, कुठं छापलं, मुलांनी काय वाचलं, का बंद पडलं, असं सगळं. नानाजींनी एकोणीस वर्षं चालवलेल्या 'गोडंबी'ला त्यात दोन ओळी मिळत होत्या. सुरभीने वर्षभर भांडून त्या दोन ओळींचं एक पूर्ण प्रकरण करून घेतलं होतं, वर आठ गोष्टी पुन्हा छापायच्या होत्या. अट एकच: मूळ अंक पाहिजेत. महिन्याअखेरीला अंक आले नाहीत, तर दोन ओळी कायम.

आणि इथंच दिव्याखाली अंधार होता. संपादकाच्या घरी स्वतःच्या मासिकाचा एकही अंक नव्हता. नानाजींचा नियम होता की कुठल्याही पोराचं पोस्टकार्ड आलं, 'मला अमुक अंक मिळाला नाही', की अंक गेलाच पाहिजे. शिल्लक संपली की ते फाईलमधला काढून पाठवायचे. पोरांनाही हे लवकरच कळलं. आर्णीचा एक मुलगा तर एकच अंक चारदा 'हरवून' बसला होता. मागणाऱ्या लेकराला नाही म्हणायचं नाही, या बाण्यापायी नानाजींनी आपलं मासिक पोस्टाने वाटून टाकलं.

हिरासिंग मात्र वेगळ्या मातीचा. तांड्यावरच्या नानाजींच्या शाळेतला तो पहिला विद्यार्थी, 'गोडंबी'चा पहिला वर्गणीदार आणि पुढे पोस्टात नोकरीला लागलेला माणूस. कागद जपायचा कसा हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे अंक, कडुनिंबाचा पाला घालून, त्याच्या पेटीत होते.

चहा झाला. हिरासिंग कापूस वेचायला बाई मिळत नाही हे बोलला. मग सून शाळेत कशी शिकवते ते बोलला. मग पुन्हा कापसावर आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार किसनरावांना सहन होईना.

"हिराभाऊ, पेटी उघडता का मंग? पोरगी पुण्याहून आली हाय."

हिरासिंगने आईकडे पाहिलं. मोतीबाईने कप खाली ठेवला.

"पेटी उघडन तो. पह्यले मी बोलते. मास्तर, आयकू येते ना तुमाले?"

"येते," नानाजी म्हणाले. "बोला मोतीबाई."

"त्या पुस्तकात माह्या गोष्टी छापून राह्यले म्हणते. माह्याच हायेत ना त्या?"

"तुमच्याच हायेत. आठही."

"मंग माहं नाव पाह्यजे."

किसनराव खुर्चीत पुढे सरकले. लहानपणापासून त्या गोष्टी 'बाबांच्या गोष्टी' होत्या. तालुक्यात कुठंही गेलं की एखादा पिकल्या केसांचा माणूस 'तुम्ही गोडंबीवाल्या गुरुजींचे का?' म्हणून हात धरायचा. बाबा आता काहीतरी समजावून सांगतील, असं त्यांना वाटलं.

"पाह्यजेच," नानाजी म्हणाले. "तेव्हा मी कोणाचंच नाव टाकत नव्हतो. सगळ्या गोष्टीखाली 'संपादक' लिहून मोकळा. चूक होती ती. सुरभी, लिहून घे. सांगणार, मोतीबाई आडे."

"बाबा, असं कसं? लिहिल्या त तुम्हीच ना?"

"लिहिल्या. सांगितल्या नाही."

सुरभी खुशीत लिहून घेत होती. तिच्या दृष्टीने ही तक्रार नव्हती, माहिती होती. बालमासिकाच्या इतिहासात तांड्यावरची एक बाई लेखिका म्हणून सापडते, यापेक्षा चांगलं काय! तिने आत्याकडे पाहिलं. इंदुताई दाराला टेकून उभ्या होत्या आणि पदराने कोरडेच हात पुसत होत्या.

"झालं ना मंग?" किसनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात घुश्शा होता. "आता तरी किल्ली काढा."

"नाही झालं," मोतीबाई म्हणाली. "मिठाची गोष्ट. ते तशी नाही छापायची. त्याचा शेवट मास्तरनं बिघडवला."

मिठाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. जिल्ह्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या कित्येकांना पाठ असेल. तांडा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्राकडे मीठ आणायला जातो. एका पोरीची आई त्या लदेणीबरोबर जाते. पोरगी वाटेवर बसून राहते. परत येणाऱ्या पहिल्या बैलाला विचारते, माझी आई कुठे आहे? बैल म्हणतो, मागच्याला विचार. मागचा म्हणतो, त्याच्या मागच्याला विचार. असे बैलामागून बैल जातात, आणि शेवटच्या बैलामागे, धुळीतून, पदरात मीठ घेऊन आई येते. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीच्या अंकात ही गोष्ट आली होती. पुढची किती वर्षं शाळाशाळांतून पोरं तिचं नाटक करायची. बैल व्हायला सगळे तयार असत, आई व्हायला कोणी नाही.

"माह्या गोष्टीत याडी येत नाही," मोतीबाई म्हणाली. "शेवटच्या बैलाच्या मांगं कोणी नसते. बैल थांबते अन् म्हणते, माह्या मांगं कोणी नाही छोरी, आता माही दोरी तू धर. पोरगी दोरी धरते अन् निघते. हे गोष्ट हाय. मास्तरनं तिले वाटेवर बसवून ठेवलं. हिऱ्यानं तो अंक मले वाचून दाखवला त माह्या अंगाचा तिळपापड झाला."

सुरभीचं पेन थांबलं. "मोतीआजी, म्हणून त्या गोष्टी बंद झाल्या का? हिराकाकानं धाडलेल्या यादीत संक्रांतीच्या अंकानंतर एकही नाही. फेब्रुवारीपासून सदरच गायब. मी वर्षभर शोधून राह्यले, काहून बंद झालं म्हणून."

"मी सांगाचंच सोडलं."

"आमी त समजत होतो, आई गेली म्हणून..." किसनराव बोलता बोलता थांबले.

सगळे नानाजींकडे पाहू लागले. नावाचं एवढ्या सहज कबूल करणारा माणूस, शेवट बदलायला कितीसा वेळ घेणार? नानाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"नाव टाका," ते म्हणाले. "शेवट बदलणार नाही. जसा छापला तसाच जाईन. नाही त ते गोष्ट वगळा."

"वगळायची असन त पेटी वापस जाते," मोतीबाई म्हणाली. "सगळी."

"जाऊ द्या," नानाजी म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले.

*

किसनराव हिरासिंगला घेऊन अंगणात आले. दोघं सीताफळाच्या झाडाखाली उभे राहिले. मघाशी याच माणसाचा त्यांना राग आला होता. आता एकदम हाच जवळचा वाटू लागला, कारण म्हाताऱ्यांच्या हट्टापुढे दोघांचीही डाळ शिजत नव्हती.

"भाऊ, मले पेटी द्याची हाय," हिरासिंग म्हणाला. "मी मेल्यावर माहे पोट्टे ते रद्दीत घालतीन. पण मायचा शब्द हाय. मी काय करू?"

"तुमच्या मायचं बरोबर हाय. मले बाबाचंच समजून नाही राह्यलं. जल्मभर म्हणत राह्यले का गोडंबीचं नाव झालं पाह्यजे. आता व्हाची वेळ आली त एका गोष्टीपायी आडून बसले."

"तेव्हाही गुरुजी असेच बसले होते. माय भांडाले गेलती त्याईच्याशी, शाळेत. मी वर्गात होतो. माय बोल बोल बोलली. गुरुजींनी एक शब्द नाही काढला. खाली मान घालून उभे."

किसनरावांना आईचा चेहरा आठवत नव्हता. ती गेली तेव्हा ते तीन वर्षांचे होते. वाचायला शिकले ते संक्रांतीच्या त्याच गोष्टीवर, आणि दुसरीत असताना चार-पाच दिवस संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून त्यांनी कापसाच्या गाड्यांचे बैल मोजले होते. शेवटच्या गाडीमागे कोणी नव्हतं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. मोतीबाईचा शेवट आज ऐकला आणि त्यांना वाटलं, हाच त्या वेळी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं. बापाचा त्यांना मनापासून राग आला.

"मी बोलतो बाबाशी," ते म्हणाले. "या वयात कायचा हट्ट?"

*

स्वयंपाकघरात इंदुताई भाकरी थापत होत्या. पातोडीचा रस्सा उकळत होता. सुरभी कट्ट्यावर चढून बसली, मांडीवर लॅपटॉप.

"आत्या, तू त तिथंच होती ना? मले नीट सांग. गोष्टी लिहिल्या कशा जायच्या?"

इंदुताईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुही आजी दवाखान्यात होती. क्षयाचा आजार. किसन आमच्या काकूजवळ होता अन् मी बाबासोबत तांड्यावर. दिवसभर याडीजवळ राहाची. ते कापूस वेचता वेचता गोष्ट सांगे, त्याईच्या बोलीत. बाबाले ते बोली कामापुरतीच ये. मले पुरी ये. संध्याकाळी बाबा पेन्सिल घेऊन बसत, मी मराठीत सांगो, ते लिहीत. एक शब्द बदलू देत नव्हते. 'सांगितलं तसंच सांग इंदू,' म्हणत. तेच तपासत, दोनदोनदा विचारत."

"आठ-नऊ वर्षांची दुभाषी!" सुरभी म्हणाली. "हे मी लिहिणारच. पण मंग शेवट? म्हंजे तू आबाजीले खरा शेवट सांगितला अन् त्याईनं छापताना बदलला?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. जळका वास आल्यावर इंदुताईंनी ती घाईने उलटली.

"मी असं लिहिलं आहे," सुरभी पडद्यावरचं वाचू लागली. "'शाळांकडून मान्यता मिळावी म्हणून त्या काळचे अनेक संपादक लोककथांचे शेवट गोड करत. गोडंबीही याला अपवाद नव्हते. नानाजी गोहोकार यांनी मोतीबाई आडे यांच्या कथेचा शेवट परस्पर बदलला, आणि त्यामुळे एक महत्त्वाची कथनपरंपरा कायमची थांबली.' आबाजीबद्दल असं लिहिताना मले बरं नाही वाटत आत्या. पण इतिहास हाय, खोटं कसं लिहू?"

इंदुताईंनी पुढची भाकरी थापायला घेतली. बोलण्यासारखं खूप होतं आणि ते पन्नास वर्षं त्यांच्या पोटात होतं.

शेवट बाबांनी बदलला नव्हता. शेवट इंदूने बदलला होता. त्या दिवशी कापसाच्या शेतात, पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहून तिने याडीकडून पूर्ण गोष्ट ऐकली होती, बैल, दोरी, पोरीचं निघणं, सगळं. संध्याकाळी बाबांनी पेन्सिल हातात घेतली, इंदू एकेक बैल सांगत गेली, आणि शेवटच्या बैलापाशी आल्यावर तिच्या तोंडून ते निघेचना. 'मग?' बाबा म्हणाले. 'मग मागून आई येते,' इंदू म्हणाली. 'मोतीबाईनं असं सांगितलं?' 'हो.' 'नक्की?' 'हो. पदरात मीठ असते.' बाबांनी लिहून घेतलं.

पुढे याडी चिडली ती बाबांवर. इंदू गप्प राहिली, कारण खरं सांगितलं तर याडी आपल्याला जवळ घेणार नाही, अशी तिला भीती वाटली. त्याच महिन्यात आई गेली होती. एक आई गेल्यावर दुसरीही घालवायची, एवढी हिंमत नऊ वर्षांच्या पोरीत कुठून येणार? आणि मोठेपणी, दर वर्षी, आता सांगू नंतर सांगू करत ते घोंगडं तसंच भिजत पडलं. बाबांनी मोतीबाईच्या गोष्टीची वाट लावली, हे दोन्ही घरांत सगळेच धरून चालले होते. आता ते पुस्तकात छापून येणार होतं. बाबा गेल्यावरही लोक तेच वाचणार होते.

"ते खोड," इंदुताई म्हणाल्या.

"काय?"

"बाबाबद्दलचं ते. खोड. अन् पानं वाढ सगळ्यायचे, जेवाले बसू."

*

जेवायला सगळे बसले. किसनरावांनी घासागणिक बापाला समजावणं चालवलं होतं.

"बाबा, त्याईची गोष्ट हाय. त्याईनं म्हटलं तशी छापा. आपण कोण अडवणारे?"

"मी अडवून नाही राह्यलो. वगळा म्हटलं."

"वगळली त पेटी जाते! तुमचं अख्खं मासिक जाते. दोन ओळीत गुंडाळतीन तुमाले."

"गुंडाळू दे."

"मंग जल्मभर केलं कायले?"

"पोरायसाठी केलं. पोरायनं वाचलं. झालं ना."

"गुरुजी," हिरासिंग हात जोडून म्हणाला, "दोन्ही शेवट छापले तर?"

"नाही," मोतीबाई आणि नानाजी एकदमच म्हणाले. एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं त्या दिवशी जमलं. मोतीबाईने ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ती उठू लागली. "हिऱ्या, पेटी घे. ऑटोवाल्याले फोन लाव."

हिरासिंग उठला. सुरभीने वडिलांकडे पाहिलं. किसनरावांनी मान फिरवली.

"याडी, बस," इंदुताई म्हणाल्या. त्या वाढायचं सोडून परातीजवळ तशाच उभ्या होत्या. "बाबांनी नाही बदलला शेवट. मी बदलला."

कोणाला आधी नीट समजलंच नाही. मग इंदुताईंनी सगळं सांगितलं. वर्गात धडा समजावून सांगावा तसं, क्रमानं सांगितलं. पऱ्हाटी, पेन्सिल, बाबांनी दोनदा विचारलेलं, आणि आपण दोनदा म्हटलेलं 'हो'. "बाबांनी मी सांगितलं तसंच लिहिलं. तुह्या शिव्या त्याईनं खाल्ल्या. मी आयकत होती, अन् गप्प बसली. मले तुहा धाक नव्हता याडी. तू सोडून देशीन, याचा धाक होता."

मोतीबाई पुन्हा खाली बसली. तिने इंदुताईंकडे पाहिलं. रागावली असती तर इंदुताईंना सोपं गेलं असतं.

"ते गोष्ट माह्या मायची नव्हती," ती म्हणाली. "बाकी सात माह्या मायच्या. ते एक मी बांधली. तुह्यासाठी. मी नागपूरले गेलती तुह्या मायले पाहाले. तिचं काही खरं नव्हतं. मास्तरची सांगाची छाती नव्हती. म्हटलं पोरीले कोण सांगन? म्हून बैल आणले, वाट आणली. का तिले समजावं, याडी नाही आली त बसून नाही राहाचं, दोरी धराची अन् चालाचं. अन् मंग हिऱ्यानं वाचून दाखवलं त त्यात याडी येते! मले वाटलं, मास्तरनं माहं बोलणं पोरीपर्यंत पोचूच देल्लं नाही. त्याचा राग होता मले. गोष्टीचा नाही."

"पोचलं होतं," इंदुताई म्हणाल्या. "मले समजलं होतं याडी. म्हणूनच त बदललं."

किसनरावांनी ताट बाजूला सारलं. बापावर काढलेला सकाळपासूनचा राग आता कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"बाबा, तुमाले बोलता नव्हतं आलं? ते पोरीनं तसंच सांगितलं म्हणून?" ते म्हणाले. "का तुमाले आजच समजून राह्यलं?"

"मले माहीत होतं," नानाजी म्हणाले.

इंदुताईंनी वळून पाहिलं.

"तेव्हापासून माहीत होतं. संक्रांतीचा अंक छापून झाला तसा मी तो घेऊन दवाखान्यात गेलतो. तुमच्या मायले बसवत नव्हतं. मी वाचून दाखवली. शेवट आला त हसली. म्हणे, हे मोतीबाईचं नाही. मोतीबाई मले पाहून गेली, तिचे डोये मी पाह्यले, ते असं नाही सांगणार. हे माह्या इंदूचं हाय." नानाजींनी पाण्याचा घोट घेतला. "अंक तिनं उशाखाली ठेवून घेतला. म्हणे, पोरीले सांगजा, शेवट मले लय आवडला. मी आली असं समजजो म्हणा. बारा दिवसांनी गेली. अंक तिच्यासोबतच दिला."

रस्सा ताटात निवत होता.

"मले सांगितलं नाही तुम्ही," इंदुताई म्हणाल्या.

"नाही सांगितलं. तेरवी झाली, मंग बदली झाली. तू लहान होती. मंग मोठी झाली. मोठ्या माणसाले असं सांगाची लाज वाटते. रोज म्हणो, सांगू. मोतीबाईले सांगावं त तुह्यावर येईन, म्हून तेही नाही. पन्नास वर्षं झाले. माहं चुकलं इंदू. तो शेवट बदलाचं नाही म्हणतो ते त्याच्यासाठी. तिले आवडला होता."

इंदुताई रडल्या. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर. नऊ वर्षांच्या असताना रडायचं राहून गेलं होतं, कारण किसनला भरवायचं होतं. आज किसनराव उठले आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हात कुठं ठेवावा ते न कळून त्यांनी तो तिच्या खांद्यावर ठेवला. मोतीबाई आपल्या जागेवरूनच म्हणाली, "रडू द्या तिले."

सुरभीने लॅपटॉप केव्हाच बंद केला होता. तिने हळूच विचारलं, "आता मी काय लिहू?"

"इंदूचाच राहू द्या," मोतीबाई म्हणाली. "मी सोडते माहा हट्ट. हिऱ्या, किल्ली दे पोरीले. मरणाऱ्या बाईले आवडलेली गोष्ट हाय ते. मी कायले मोडू?"

हिरासिंगने खिशातून किल्ली काढून सुरभीच्या हातात दिली. नानाजींनी मान हलवली. किसनरावांनाही ते पटलं. सगळे एकदाचे एका बाजूला आले, असं वाटत होतं.

"नाही," इंदुताई म्हणाल्या.

त्यांनी डोळे पुसले आणि मोतीबाईसमोर खाली बसल्या.

"माहा शेवट जिच्यासाठी होता तिनं आयकला याडी. त्याचं काम झालं. सुरभी, लिही, मोतीबाई सांगते तसं, एक शब्द बदलू नको. ते पोरगी पन्नास वर्षं झाले वाटेवर बसून हाय. आता तिले निघू दे."